रिफ्रेश केलं की भाव बदलतो!

दांडिया बाजारातल्या दुकानदार काकांचा सकाळीच फोन. “अरे, साइटवर पैठणीला एकदा सवलत दिसते, रिफ्रेश केलं की गायब. गिऱ्हाईक भांडतंय!”

डेटाबेसात भाव एकच. मग पानाच्या तळाशी सर्व्हरचं नाव छापून घेतलं आणि चोर सापडला. साइट एकाहून जास्त सर्व्हरवर चालते, आणि जुना, सवलतीचा हिशोब दरवेळी त्यातल्या एकाच सर्व्हरवरून येत होता. हिशोबाच्या कोडची फाइल तिथेही नवीच, पण ओपीकॅशचं (साइटची भाषा पीएचपी, तिचा कोड मेमरीत साठवून ठेवणारी सोय) ‘व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स’ हे सेटिंग तिथे ०. म्हणजे फाइल बदलली तरी पीएचपी ढुंकून बघत नाही, मेमरीतला जुनाच कोड चालवतं. वेग मिळतो, मान्य. पण मग डिप्लॉयनंतर, म्हणजे नवा कोड चढवल्यावर, रीलोड नको का? होस्टिंगवाले म्हणे, “आधीपासूनच तसं आहे.” वा!

सर्व्हरवर पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम रीलोड केलं, मिटलं. काकांचा प्रश्न मात्र वेगळाच: “सवलतीत गेलेल्या पैठण्यांचं काय?”