जुना राउटर भंगारात देऊ नका, वरच्या मजल्यावर लावा

जुना राउटर भंगारवाल्याला देण्याआधी हे वाचा, कारण भंगारात त्याचे फार तर दहा-वीस रुपये येतील आणि नवीन रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घ्यायला गेलात तर हजारभर सहज जातील.

आमचं सिडकोतलं रो-हाऊस, खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या. फायबरवाल्याने स्वतःच्या सोयीने हॉलमध्ये दारामागेच डबा ठोकला, वायर तिथूनच आत येते ना. मग वर मागच्या खोलीत, जिथं दादाचं वर्क फ्रॉम होम चालतं, तिथं एकच दांडी. मधे सळयांचा स्लॅब, वायफायचा ५ गिगाहर्ट्झवाला, वेगवान पण कमी पल्ल्याचा सिग्नल तर जिन्यातच दम टाकतो, २.४ वाला कसाबसा पोचतो.

यावर जो तो सांगतो रिपीटर घे. मला ते पटत नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून स्पीड जवळपास निम्मा होतो, आणि जिथं मुळात रेंजच नाही तिथं ठेवला तर वाईट रेंजच पुढे वाटत बसतो. त्यापेक्षा वायर ओढा आणि वर जुना राउटर लावा.

वायरीसाठी भिंत फोडावी लागली नाही. केबल टीव्हीचा पाइप भिंतीत होताच, डिश आल्यापासून त्यातली वायर नुसती पडून होती. तिच्याच टोकाला नवी लॅन केबल टेपने घट्ट बांधली, खालून मी सोडत गेलो आणि वरून दादा ओढत गेला, वळणावर अडकली तेव्हा तो वरून ओरडतोय "अरे सोड ना" आणि मी खालून "दादा ओढू नको, तुटेल", पण आली बाबा. लाइटच्या वायरींच्या पाइपात मात्र ही घालू नका. आणि केबल घ्याल तेव्हा कॅट ६ शुद्ध तांब्याची मागा, स्वस्तातली बरेचदा आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत चालते.

जॅक, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा प्लग, घरी मारणार असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा टोकापर्यंत गेल्या पाहिजेत, चारच लागल्या तरी नेट चालतं पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही आणि मग माणूस उगाच कंपनीला शिव्या घालतो.

आता सेटिंग. जुना राउटर पिन टोचून रिसेट करा, लॅपटॉप वायरने जोडा, ब्राउझरमधून त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन पहिलं त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदला. मेन राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० वगैरे द्या, मेन राउटर ज्या रेंजमधून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा हवा. मग वायफायचं नाव-पासवर्ड खालच्यासारखंच, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२, चॅनल वेगळा, म्हणजे खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पण बदला. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, सगळ्यात शेवटी बंद करा, कारण ते बंद झालं की लॅपटॉपला त्या राउटरकडून पत्ता मिळत नाही आणि तुम्ही बाहेर. घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, दोघं वाटायला लागले की नुसता गोंधळ.

खालून, मेन राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली केबल वरच्याच्याही लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये (बाहेरचं नेट आत घ्यायचं वेगळं भोक) नाही. वॅनमध्ये घातली तर नेट येतं, पण वर वेगळंच नेटवर्क तयार होतं आणि खालच्या खोलीतला प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सापडत नाही. टेलिफोनच्या वायरीवरचा जुना ब्रॉडबँड मॉडेम असेल तरी असाच चालतो, फोनची वायर जाते ते भोक रिकामं ठेवायचं.

आमच्या जुन्या डब्यात २.४ च आहे, त्यामुळे वर वायफायवर तीस-चाळीस एमबीपीएस मिळतात. मीटिंगला भरपूर झाले, आणि दादाने लॅपटॉप तर थेट राउटरला वायरनेच जोडलाय.

एक कटकट राहते. कुठला राउटर धरायचा ते फोन स्वतः ठरवतो, त्यामुळे वर गेलं तरी तो खालच्यालाच चिकटून बसतो. आई जिना चढली की वायफाय बंद करून चालू करते. मी म्हटलं खालच्याची पॉवर कमी करून बघतो, तर म्हणे राहू दे, माझी सिरीयल खाली चांगली चालते.

आणि वरच्या राउटरचं अडॅप्टर इन्व्हर्टरच्याच सॉकेटला लावा, नाहीतर लाइट गेल्यावर खालचं नेट चालू आणि वर अंधार.