सॅव्हेज लॉग: शुगर रायट पडली, आता झाडवाला राहिला

एम६एस झालं एकदाचं. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममधलं क्रूझरवेट सॅव्हेज, म्हणजे आठजणांनी मिळून मारायच्या चार कठीण बॉसांचे चार मजले, त्यातला दुसरा मजला, शुगर रायट, ब्रश घेऊन जमिनीवर वाळवंट नि नदी रंगवत फिरणारी ती बया पडली. एन्रेजचा (वेळ संपली की सगळ्यांना मारणारा) कास्ट निम्म्याच्या वर गेलेला, दोघं डीपीएस (मार देणारे) मरून उठल्याचा विकनेस घेऊन लंगडत होते, त्यात आमच्या निपाणीवाल्यानं शेवटचा फटका हाणला आणि संपलं. पहिल्या मजल्यावर, एम५एसवर, फार लिहीत नाही, ते मागेच झालं होतं. डिस्को आहे, बेडूक आहेत, गाणं डोक्यात बसलं की पाय आपोआप हलतात.

पार्टी तीच आहे. मी बेळगावातून ऑफ टँक, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणारा दुसरा गडी. मेन टँक टिळकवाडीचा दादा, त्याची बायको व्हाईट मेज म्हणजे हीलर, तिला वयानं मोठे असलेलेसुद्धा वैनीच म्हणतात. दुसरा हीलर खानापूरचा, बाकी चौघं डीपीएस: ब्लॅक मेज निपाणीचा, चिकोडीचा सामुराई साखर कारखान्यात कामाला, गोकाकचा अण्णा मशिनिस्ट (कॉल मराठीत देतो, शिव्या स्वतःच्या भाषेत), आणि ड्रॅगून उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला असतो. हे शिफ्टचं नि कारखान्याचं लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच येऊन अडतंय.

लोक विचारतात की पार्टी फाइंडरमधनं (अनोळखी लोक जमवायची गेममधली यादी) का करत नाही, ठरलेल्या आठजणांचीच पार्टी कशाला. आम्ही जपानच्या एलिमेंटल या सर्व्हरगटावर खेळतो, भारतात सर्व्हर नाही. जपान आपल्या साडेतीन तास पुढं, म्हणजे इथं आम्ही जेवूनखाऊन अकराला बसतो तेव्हा तिकडं मध्यरात्रीचे अडीच, फाइंडर उघडला की एकदोन पार्ट्या आणि त्यात जपानी मॅक्रो (कोणी कुठं उभं राहायचं ते सांगणारे तयार मेसेज). संध्याकाळी साडेपाचला भरलेला असतो पण तेव्हा आपल्याकडं कामावरनं कोण सुटलंय मर्दा.

पिंगचं (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) नव्या लोकांसाठी एकदा लिहून टाकतो कारण दर वेळी तोच प्रश्न येतो. या गेममध्ये फटका बसला की नाही हे अ‍ॅनिमेशन दिसतं तेव्हा ठरत नाही, बॉसची कास्ट बार (हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी) संपते तेव्हाच ठरून गेलेलं असतं. म्हणजे बार संपली की तुम्ही कुठं उभे आहात तेवढंच बघतो सर्व्हर, नंतर आग तुमच्या अंगावरनं गेलेली दिसली तरी काही होत नाही, आणि उलटं म्हणजे आग दिसल्यावर पळालात तर मेलात. लांबच्या सर्व्हरवर हे आणखी वाढतं कारण तुम्ही हलल्याची बातमी तिकडं उशिरा पोचते. म्हणून आपल्याकडच्यानं बार संपायच्या थोडं आधीच जागेवर असायला पाहिजे. दुसरं, दोन जीसीडीच्या (मुख्य फटक्यांच्या) मध्ये दोन स्किल घुसवायचे असले की लांबच्या पिंगला दुसरा अडकतो नि पुढचा जीसीडी घसरतो. याच कारणानं मी गनब्रेकर सोडून वॉरियर घेतला (दोन्ही टँकचेच प्रकार), डॅमेज थोडा गेला असेल पण हाताला शांतता आहे.

आता शुगर रायटचा अ‍ॅड फेज, म्हणजे बॉसच्या जोडीला बाकीचे शत्रू येतात तो टप्पा, कारण सगळा वेळ तिथंच गेला. लाटांमागून लाटा येतात. म्यू नावाच्या खारी, यान, गिमी कॅट, पाण्याचे बुडबुडे सोडणारे फेदर रे, आणि मध्येच जॅबरवॉक. जॅबरवॉक एका खेळाडूला धरून त्याच्याकडं चालत येतो आणि पोचला की तो खेळाडू गेला, शील्ड वगैरे काही चालत नाही. तेवढ्यात आधीच्या लाटेतलं एखादं शिल्लक असलं की पुढची लाट त्याच्यावर चढते आणि मग टँक दोघं चारीबाजूनं मार खाऊन आडवे. लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीचे उठले नाहीत नि दुसरी ओळ येऊन मागं उभी राहिली की वाढप्यांचं जे होतं ते आमचं व्हायचं. आमचं गाडं सुटलं ते वैनींमुळं. त्यांनी सरळ सांगितलं, हीलिंग कमी पडत नाहीये, तुम्ही सगळे एकाच वेळी बर्स्ट (मोठे फटके) संपवून मोकळे होताय, जॅबरवॉक येतो तेव्हा कोणाच्या हातात काही नसतं. मग निपाणीवाल्यानं आपला मोठा बर्स्ट धरून ठेवायचा, अण्णानं फेदर रे बघायचे, सामुराई नि ड्रॅगूननं फक्त मोठ्या अ‍ॅडवर राहायचं असं ठरलं. पहिल्यांदा पुढं सरकलो त्या रात्री खानापुरात पाऊस असा लागला होता की आमच्या हीलरची लाईट तीनदा गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला म्हणून निभावलं.

आता लूटचं, खरं बोलायचंय ते हेच.

२०२५ च्या या क्रूझरवेट सॅव्हेजचा नियम असा: लूट, म्हणजे बॉस पाडल्यावर पेटीतनं पडणारं सामान, आठवड्याला एकदाच मिळतं, मंगळवारी आपल्या दुपारी दीडला रिसेट. पार्टीतल्या आठही जणांनी त्या आठवड्यात तो मजला मारलेला नसला तर दोन पेट्या पडतात. एकानं जरी आधी मारलेला असला तर एकच पेटी. पाच किंवा जास्त जणांनी मारलेला असला तर पेटीच नाही. पेटीतल्या वस्तूवर नीड (लागतंय), ग्रीड (मिळालं तर बरं), पास (नको), आणि नशिबाचा ९९ पर्यंतचा आकडा. याच्या जोडीला मजला पाडल्याबद्दल प्रत्येकाला एक पुस्तक मिळतं, ते साठवून वस्तू घ्यायच्या. शस्त्राला चौथ्या मजल्याची आठ पुस्तकं, म्हणजे नशिबानं काहीच दिलं नाही तरी आठ आठवड्यांनी हातात शस्त्र.

एका रविवारी ड्रॅगून सेकंड शिफ्टला होता म्हणून आम्ही सातजण आणि बाहेरचा एक घेऊन एम५एस मारला. दोन दिवसांनी रिसेटच्या आधी त्याला मदत करायला परत गेलो, सातही जणांचा झालेला, त्यामुळं पेटी शून्य. त्याला पुस्तक मिळालं तेवढंच. तो म्हणाला, "असू दे की, पुस्तक तर मिळालं," पण कानातलं त्याच्याकडं नव्हतं नि त्या रविवारी आमच्या पेटीत ते पडलेलं होतं. बाहेरचा माणूस घेऊन गेला.

हा नियम का आहे ते कळतं मला, पैसे घेऊन लोकांना ओढून नेणारे नि एकाच माणसाला सगळं सामान खाऊ घालणारे थांबावेत म्हणून आहे. पण त्याची झळ बसते ती शिफ्टवाल्यांना. ज्याला ठरलेली वेळ जमत नाही त्याला मदत करणं म्हणजे त्याची पेटी खाणं, असा अर्थ होतो. माझं मत, पुस्तक हेच खरं बक्षीस, पेटी म्हणजे लॉटरी. आमच्यात आता ठरलंय की पहिले चार हप्ते डीपीएसना पेटी, टँक नि हीलर पास करणार आणि पुस्तकावर भागवणार, ड्रॅगून नसला तर त्या आठवड्यात तो मजला मारायचाच नाही.

कोणी म्हणेल सामानासाठी एवढा आटापिटा कशाला. बरोबर आहे, २०१४ मध्ये सेकंड कॉइल या जुन्या मालिकेचं सॅव्हेज आलं तेव्हा त्यात सामानच नव्हतं, फक्त टायटल, तरी लोकांनी मारलं. २०१७ पासूनच्या अल्टिमेटमध्येही (सॅव्हेजपेक्षा कठीण लढती) शस्त्र चमकतं ते दिसायलाच जास्त, आणि "द लेजंड" नाव डोक्यावर. पण उलटंही झालंय, २०१५ चा अलेक्झांडर मालिकेचा पहिला सॅव्हेज इतका कठीण निघाला की पार्ट्याच्या पार्ट्या फुटल्या. आणि २०२२ मध्ये अ‍ॅबिसॉस मालिकेच्या शेवटच्या बॉसचं एचपी (जीव) साधारण एक टक्क्यानं कमी करावं लागलं होतं. एक टक्का ऐकायला थोडा, पण तो सामानानंच भरून काढायचा असतो, म्हणून तर लूट कोणाला याच्यावरनं भांडणं होतात.

सामानाची गोची अशी की दुसऱ्या मजल्यावर दागिन्यांचं अपग्रेड मिळतं, आणि टोमस्टोनवर (गेममधलं चलन) घेतलेल्या चिलखताचं अपग्रेड तिसऱ्यावर. टोमस्टोन आठवड्याला ४५० च, आणि अंगातल्या चिलखताला लागतात ८२५. तेव्हा तिसरा मजला पाडल्याशिवाय चिलखत ७५० च्या पातळीवरच अडकतं, ७६० होत नाही.

म्हणून आता तिसरा मजला एम७एस, झाडवाला बॉस ब्रूट अ‍ॅबॉम्बिनेटर. पहिला फेज जमलाय. बियांमधनं जी झाडं उगवतात त्यांचे कास्ट तोडायला लागतात, टँकचा इंटरजेक्ट नि अण्णाचा हेड ग्रेझ, दोन्ही परत वापरायला ३० सेकंद लागतात, त्यामुळं कोण कुठलं झाड तोडणार हे आधीच ठरलेलं पाहिजे. दादा उत्तरेकडची, मी दक्षिणेकडची, अण्णा उरलेलं. भिंतीवर ढकलल्यावर रिंगण बदलतं, तिथं अजून आम्ही सांडतोय, मेलीवाल्या (जवळून मारणाऱ्या) दोघांना, सामुराई नि ड्रॅगूनला, जागा सापडत नाहीये. ज्यांनी मारलाय त्यांनी सांगा, दुसऱ्या फेजला तुम्ही मेलीवाल्यांना बॉसच्या डावीकडं ठेवलं की मागं?

चिकोडीवाला म्हणतोय दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की त्याचा काही नेम नाही, मार्चपर्यंत रात्रपाळी. म्हणजे त्याच्या आत तिसरा पाडायचा आणि चौथ्याची आठ पुस्तकं सुरू करायची. या शनिवारी वैनी माहेरी जाणार आहेत मुतग्याला, तिकडं नेट चांगलं आहे म्हणतात, लॅपटॉप नेताहेत. दादानं सासरी काय सांगितलंय ते विचारलं नाही.