दर सेकंदाला एक थेंब

जुलैतली सकाळ, सव्वासात वाजले असतील. वडोदऱ्यातल्या कारेलीबागेतल्या काकूंचा फोन आला. काचेच्या टाकीतली त्यांची छोटी बाग, म्हणजे टेरॅरियम, मीच बसवून दिली होती. "अहो, टेरॅरियमच्या कपाटाखालून परत पाणी आलंय. लवकर येता का?" आवाज कापत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर त्यांच्या तळमजल्यात गुडघाभर शिरला होता. त्या घरात फरशीवर पाणी दिसलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मी म्हटलं, "कपाटाला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा."

जाऊन कपाटाचं दार उघडलं. खालचा प्लाय फुगला होता आणि त्यावर साचलेलं पाणी एक्स्टेन्शन बोर्डापासून दोन बोटांवर येऊन थांबलं होतं. त्यात मिस्टिंग पंपाचा, म्हणजे झाडांवर बारीक फवारे मारणाऱ्या पंपाचा अडॅप्टर होता, दिव्याचा टायमर होता. बोर्ड तिथे तळाला मीच ठेवला होता, दीड वर्षापूर्वी. क्षणभर काही सुचेना.

वरची टाकी मात्र छान दिसत होती. तीन फूट लांबीची, नेच्यांनी आणि शेवाळाने भरलेली, काचेवर दव. निचऱ्याची नळी मोकळी होती. भरून वाहत होती ती नळीखालची पाच लिटरची बादली. "ही कधी ओतली होती?" "काल सकाळीच. आधी आठवड्याला एकदा ओतायचे, आता रोज भरते. मला वाटलं, पावसाळी हवा आहे, पाणी सुकत नसेल." पावसाळ्यात टाकीतलं पाणी कमी उडतं हे खरंच आहे, फवारे कमीही करावे लागतात. पण त्याने एका दिवसात बादली भरत नाही.

मी हिशेब मांडला. पंपाची जोडणी दुसऱ्या कोरड्या सॉकेटवर घेतली आणि एकेका नोझलखाली मोजपात्र धरलं. मिनिटाला ८० मिली. चार नोझल, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद. म्हणजे दिवसाला ६४० मिली. बादलीत येत होतं पाच लिटर. उरलेलं पाणी टायमरच्या वेळांमध्ये येत नव्हतं, मधल्या वेळात येत होतं.

पंप बंद करून टॉर्च धरली. तीन नोझल गप्प. चौथ्याच्या टोकाशी थेंब फुगला, लोंबला, पडला. पुन्हा फुगला. घड्याळ लावून मोजलं, सेकंदाला एक. वीस थेंबांचा साधारण एक मिली धरला तर तासाला १८० मिली, दिवसाला चार लिटरच्या वर. हिशेब जुळला.

मग वर पाहिलं. पंपाला पाणी पुरवणारी कॅन शेजारच्या मांडणीवर, टाकीच्याही वर ठेवलेली. मी ती खाली कपाटात ठेवून गेलो होतो.

"मीच वर ठेवायला लावली," काकूंच्या घरातल्या आजी म्हणाल्या. "खाली वाकून भरवत नाही रे. एकदा बसले की गुडघे उठू देत नाहीत."

कॅन नोझलच्या वर असली की पंप बंद झाल्यावरही पाणी आपल्या भाराने नळीतून उतरत राहतं. अशा पंपाच्या (डायफ्रॅम पंप) झडपा उलटं जाणारं पाणी अडवतात, पुढे जाणारं नाही. नोझलमध्ये थेंब रोखणारी बारीक स्प्रिंग असते, तीन ठिकाणी तिने काम केलं. चौथं नोझल उघडलं तर आत पांढरा, खरखरीत थर. आरओचं पाणी साठायला वेळ लागतो म्हणून महिनाभर बोअरचं पाणी भरलं जात होतं. त्या क्षारांमुळे झडप पुरती मिटत नव्हती.

नोझल व्हिनेगरमध्ये भिजत घातलं. बोर्ड कपाटाच्या बाजूला उंचावर स्क्रूने बसवला आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटपर्यंत चढत नाही. बादलीत पाणी वर आलं की वाजणारा छोटा अलार्मही ठेवला.

कॅनचं काय? सोलेनॉइड झडप, म्हणजे विजेवर उघडमीट होणारी झडप लावून ती वर ठेवता आली असती. पण झडपेत एक कण अडकला तरी पुन्हा हेच व्हायचं. कॅन नोझलच्या खालीच हवी, यावर मी ठाम होतो. आणि आजींना वाकायला लावायचं नाही, यावरही. हे पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवं होतं. मी फक्त "कॅन इथेच ठेवा" एवढंच म्हणालो होतो, का ते सांगितलं नव्हतं.

शेवटी कॅन खाली ठेवली आणि तिच्या झाकणातून अर्ध्या इंचाची नळी वर आणून कंबरेच्या उंचीवर फनेल बसवलं.

आजींनी उभ्यानेच एक जग ओतून पाहिला. "पण भरली कधी ते मला वरून कसं कळायचं?"

दहा लिटरची कॅन, दोन लिटरचा जग. "चार जग, आजी. पाचवा नाही. आणि कॅन पार रिकामी झाल्यावरच भरायची."

"चार," त्या म्हणाल्या आणि फनेलशेजारी भिंतीवर पेन्सिलीने पहिली रेघ ओढली.