एम.ए. मराठीची ॲडमिशन आणि पहिली वेलांटी (माझा अनुभव)

आधीच सांगून टाकते, ॲडमिशन झालीये, आयकार्ड गळ्यात आहे आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलीये, त्यामुळे हे रडगाणं नाही. म्हणजे आहे, पण मधल्या भागापुरतंच.

मी बी.कॉम., २००९ची. घरून लोकांची जीएसटी रिटर्न्स भरून देते, म्हणजे महिन्याची ११ आणि २० तारीख (रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा) सोडली तर मी तशी माणसात असते. लेक पाचवीत गेली, दुपार मोकळी व्हायला लागली आणि ३६व्या वर्षी एम.ए. करायचं डोक्यात आलं. नवऱ्याने विचारलं, प्रमोशन मिळणार आहे का? मी म्हटलं, मला प्रमोशन देणारं आहेच कोण.

विषय ठरवायला एक महिना गेला, आणि खरं सांगू का, तो महिना मस्त होता. कॉमर्सवाल्यांना आर्ट्सला घेतच नाहीत असं मला उगाच वाटायचं. आमच्या शहरातल्या विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडलं तर मराठी, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान सगळ्यांपुढे 'कोणत्याही शाखेची पदवी', फक्त प्रवेश परीक्षा द्यायची. भाषाविज्ञानाचा मोह होता, पण ते करायचं तर पुण्याला डेक्कन कॉलेजला, आणि दोन वर्षं पुण्यात राहणं मला जमणारं नव्हतं. इग्नूचाही (दिल्लीचं मुक्त विद्यापीठ) विचार केला, तिथे इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, हिंदी, इंग्रजी घरबसल्या करता येतं आणि दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत लांबवलं तरी चालतं, नोकरी करणाऱ्यांसाठी हे फार सोयीचं. २०२२पासून यूजीसीने (विद्यापीठांचे नियम ठरवणारा आयोग) एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीये, म्हणजे एक रेग्युलर आणि एक दूरस्थ चालतं. मी दोन दिवस मराठी आणि इतिहास दोन्ही करायची स्वप्नं बघितली, मग २० तारीख आली आणि नशा उतरली.

शेवटी मराठीच. वर्गात बसायचं होतं मला, घरी तर मी बसलेलीच असते.

नेटचं (कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचं) काय, असं ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी: एम.ए.ला ५५ टक्के लागतात (राखीव गटांना ५०), असिस्टंट प्रोफेसरशिपसाठी वयाची अट नाही, पण जेआरएफसाठी (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) ३० वर्षं, बायकांना ५ वर्षं सवलत. म्हणजे माझी गाडी एका वर्षाने चुकली. एम.फिल. (पीएच.डी.च्या आधीची संशोधनाची डिग्री) तर बंदच झालं. हे सगळं मला ॲडमिशननंतर कळलं, तुम्ही आधी बघून ठेवा.

फॉर्म, परीक्षा, यादीत नाव, फी, यात सांगण्यासारखं काहीच नाही, सगळं नीट झालं. जुलैत प्रोव्हिजनल ॲडमिशन मिळाली आणि पावतीच्या खाली बारीक अक्षरात होतं की इतर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट मुदतीत जमा करावे, अन्यथा एलिजिबिलिटी मिळणार नाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना जुन्याने 'आमची हरकत नाही' म्हणून जो कागद द्यायचा तो मायग्रेशन. तो दिला की नवीन विद्यापीठ तुमची पात्रता तपासतं, मग पीआरएन नंबर (विद्यापीठातला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक) पडतो आणि मगच परीक्षेचा फॉर्म उघडतो. म्हणजे वर्गात बसायला कोणी अडवत नाही, अडतं ते परीक्षेला.

माझं जुनं विद्यापीठ मराठवाड्यात, इथून एसटीने नऊ तास. पण अर्ज ऑनलाइन होता, म्हटलं पंधरा मिनिटांचं काम. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरला. शेवटच्या वर्षाची मार्कलिस्ट जोडली, कॉलेजची टीसी जोडली आणि वर शहाणपणा करून डिग्री सर्टिफिकेटही जोडलं, असू दे म्हणून. फी भरली. बारा दिवसांनी स्टेटस बदलला: 'रिजेक्टेड. नेम मिसमॅच.' बास, एवढंच. कुठलं नाव, कशाशी जुळत नाही, काही नाही.

मी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे सारखं. आडनाव सारखं, लग्नानंतर नाव बदललं नाही हा माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणांपैकी एक. वडिलांचं नाव सारखं. फोन लावला तर वाजून वाजून बंद. रोज अकराला, रोज साडेतीनला, एकोणीस दिवस. एकदा उचलला आणि 'जेवणाची सुट्टी आहे' म्हणून ठेवला, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. ईमेल केले तीन, तिन्ही पोचले असणार, कारण परत आले नाहीत.

शेवटी लेकीनेच शोधलं. तिला शाळेत तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चाललं होतं. म्हणाली, आई, इथे तुझं नाव चुकीचं लिहिलंय. टीसीवर मराठीत 'नीलिमा' आणि डिग्रीवर मराठीत 'निलिमा'. पंधरा वर्षं ती डिग्री प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होती आणि मी तिच्यावरचं मराठी कधी वाचलंच नव्हतं.

सप्टेंबरचं रिटर्न संपवलं आणि २२ तारखेला रात्रीची एसटी धरली. (बायकांना अर्धं तिकीट आहे, हा या सगळ्यातला एकमेव फायदा.) सोमवारी सकाळी विद्यापीठात. मायग्रेशनच्या खिडकीवरच्या साहेबांनी माझा अर्ज स्क्रीनवर काढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, ह्या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या ना. ही पहिली वेलांटी, ही दुसरी."

मी म्हटलं, साहेब, जन्मतारीख एक, सीट नंबर एक, आईचं नाव एक, फोटो एक.

"ते बरोबरच आहे, पण नाव वेगळं आहे."

म्हटलं, मग आता? तर आता डिग्री दुरुस्त करून आणायची. दुरुस्तीचा विभाग दुसऱ्या इमारतीत. तिथे मूळ डिग्री जमा करायची, कॉलेजचं फॉरवर्डिंग लेटर आणायचं, जुन्या रेकॉर्डशी पडताळणी होणार, मग नवीन छापून येणार. किती दिवस? तिथल्या मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि मग त्याचं पान उलटलं. आणि आणखी एक उलटलं. मी तिथेच ओळखलं.

तरी दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले, तिथून चाळीस किलोमीटर. हेडक्लार्क भाऊसाहेब रिटायरमेंटला आलेले, पण माणूस लाख. त्यांनी शिपायाला पाठवून २००६ची फाइल काढून घेतली, दोरीने बांधलेला गठ्ठा, वर धूळ, आत टाचण्या गंजलेल्या. माझा एफ.वाय.चा प्रवेश अर्ज निघाला. फोटोत दोन वेण्या. आणि मराठीत नावाच्या रकान्यात, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलेलं: निलिमा.

इतके दिवस मी त्या विद्यापीठातल्या कुठल्या तरी अनोळखी टायपिस्टला शिव्या घालत होते. भाऊसाहेब काही बोलले नाहीत, अर्ज माझ्याकडे सरकवला आणि चहा सांगितला. एम.ए. मराठीची प्रवेश परीक्षा पास झालेली बाई मी, आणि त्या परीक्षेत शुद्धलेखनाचे प्रश्न होते. टीसी बरोबर कशी निघाली मग? तर ती शाळेच्या दाखल्यावरून लिहिलेली, आणि आमच्या शाळेतल्या बाईंची वेलांटी चुकायची नाही.

चहा झाल्यावर भाऊसाहेबांनी जे विचारलं ते नीट वाचा: "पण मॅडम, मायग्रेशनला डिग्री लागतच नाही. मार्कमेमो आणि टीसी. डिग्री जोडायला सांगितली कोणी?"

कोणीच नाही. फॉर्मवर 'अंतिम वर्षाची गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र' असं होतं, आणि मार्कलिस्ट इंग्रजीत. नुसती तीच जोडली असती तर वेलांटी कोणाला दिसलीच नसती. तेव्हा, मागितलं तेवढंच अपलोड करा. एक कागदही जास्त नको. मी जीएसटीच्या नोटिसांना उत्तरं देताना क्लायंटला हेच सांगते आणि स्वतःच्या बाबतीत विसरले.

आता अर्ज रेकॉर्डवर गेलेला, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. भाऊसाहेबांनी रस्ता सांगितला: डिग्री दुरुस्तीच्या नादी आत्ता लागायचं नाही, ती नंतर करा नाहीतर करूच नका. प्राचार्यांचं पत्र, की दोन्ही नावं आमच्या एकाच विद्यार्थिनीची, जनरल रजिस्टरचा नंबर टाकून. आणि सोबत तुमचं 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, नोटरी केलेलं. प्राचार्य साहेब अर्थातच मीटिंगला बाहेरगावी. पत्र टाइप करून ठेवलं, सही झाल्यावर माझ्या मामेभावाने जाऊन आणलं. जुन्या कॉलेजच्या गावात एक तरी नातेवाईक असू द्या, नसेल तर निदान वर्गमैत्रिणीशी भांडू नका.

दुसरी फेरी घटस्थापनेच्या रात्री. घरी घट बसवले, सासूबाईंच्या हाती दिवा सोपवला आणि निघाले. बसमध्ये मोबाइलवर एकच बातमी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच संध्याकाळी मंजुरी दिलेली, ३ ऑक्टोबर २०२४. आमच्या एम.ए.च्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आणि मी 'नी'ला कुठली वेलांटी याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मांडीवर घेऊन चाललेय.

शुक्रवारी खिडकीपुढच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगा होता, पालीत एम.ए. करणारा, त्याचंही मायग्रेशन अडकलेलं. पालीलाही त्याच दिवशी दर्जा मिळाला होता. आम्ही दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि टोकन नंबरची वाट बघत बसलो. त्याचं दुखणं वेगळंच, त्याने टीसीची मूळ प्रत आधी दुसऱ्या कॉलेजात जमा केलेली आणि ते परत देईनात. यावरून आठवलं, टीसी कुठेही देण्याआधी रंगीत स्कॅन काढा आणि झेरॉक्सवर 'मूळ प्रत मिळाली' अशी त्यांची सही-शिक्का घ्या. डुप्लिकेट टीसीसाठी फार हिंडवतात.

साहेबांनी पत्र वाचलं, प्रतिज्ञापत्र वाचलं, परत पत्र वाचलं. आत गेले. पाऊण तासाने बाहेर आले. "पाचपर्यंत थांबा." सव्वापाचला सर्टिफिकेट हातात आलं, गरम होतं अजून प्रिंटरचं. मी तिथेच उभ्याने तीनदा तपासलं.

सगळं इंग्रजीत. नाव, कॉलेज, वर्ष, सगळं. अख्ख्या कागदावर देवनागरीत एक अक्षर नव्हतं.

मी हसले की काय केलं आठवत नाही, साहेब म्हणाले, "काही चुकलं का?" म्हटलं, नाही नाही, छान आहे. आणि स्टँडवर जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली, उपास होता तरी.

पुढचं पटकन झालं. इथे एलिजिबिलिटी सेक्शनने मूळ मायग्रेशन ठेवून घेतलं (ते परत मिळत नाही, स्कॅन करा), आठ दिवसांत पीआरएन पडला, परीक्षेचा फॉर्म लेट फी भरून गेला. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर), तो बारा आकडी, डिजिलॉकरवरून पाच मिनिटांत निघतो पण आधारवरच्या नावावर निघतो, तेव्हा आधार आधी तपासा. हो, वेलांटीसकट.

आणि ज्यांनी मला विचारलंय की कॉमर्सनंतर झेपतं का, तर झेपतं. नवीन शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचे ८८ क्रेडिट आहेत, सेमिस्टरला २२. पहिल्यात संशोधन पद्धती सक्तीची, चार क्रेडिटची, सगळे तिला घाबरतात आणि मला तीच सोपी गेली, संदर्भसूची म्हणजे एक प्रकारचं लेजरच आहे. दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्या-चौथ्यात रिसर्च प्रोजेक्ट. पहिल्या वर्षानंतर सोडलंच तर ४४ क्रेडिटवर पीजी डिप्लोमा मिळतो. ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स डिग्री केलीये त्यांना एम.ए. एका वर्षात, आमच्या तीनवाल्यांना दोनच. ऐच्छिक विषय निवडताना नाव बघून निवडू नका, शिकवणारं कोण आहे ते सीनियर्सना विचारा. मी नाव बघून निवडला आणि पस्तावतेय, पण ते पुन्हा कधीतरी.

मायग्रेशन मात्र विषय ठरायच्याही आधी काढायला टाका. विद्यापीठ बदलणार एवढं नक्की असलं की पुरे, विषयाचं नाव त्यावर नसतं.

डिग्री दुरुस्तीचा फॉर्म आणलाय, भरलेला नाही. फोल्डरमध्ये डिग्रीच्या मागे ठेवलाय. सासूबाई विचारतात अधूनमधून. जानेवारीच्या २० तारखेनंतर बघू.