तुम्ही विचारलंत म्हणून: महागडं घड्याळ भेट द्यावं का?

लग्नसराई जवळ आली, अधिक महिना लागला किंवा घरातलं कुणी निवृत्त व्हायचं असलं, की हा प्रश्न हमखास येतो. "जावईबापूंना चाळीस हजारांचं घड्याळ घ्यायचं म्हणतोय, घेऊ का?" कधी जावई असतो, कधी पहिली नोकरी लागलेला मुलगा, कधी डॉक्टर झालेली भाची. रक्कम बदलते, प्रश्न तोच.

घ्या, पण ते घड्याळ सोमवारी सकाळी कामावर जाताना हातावर चढणार असेल तरच. ज्या किमतीला समोरचा माणूस ते जपून ठेवायला लागेल, ती किंमत त्याच्यासाठी जास्त झाली. पैठणी ठेवणीतली असू शकते. घड्याळ ठेवणीतलं झालं, की कपाटातच मरतं.

कसं मरतं ते बघा. सेलच्या घड्याळात बहुतेक वेळा सिल्व्हर ऑक्साइडचा, 1.55 व्होल्टचा बटणाएवढा सेल असतो. तो साधारण दोन-तीन वर्षं चालतो. घड्याळ रोज हातावर असलं, तर बंद पडल्याचं त्याच दिवशी कळतं आणि सेल बदलला जातो. कपाटात असलं, तर संपलेला सेल महिनोन् महिने आतच राहतो आणि गळतो. पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड धरते. ती कॉइलपर्यंत पोचली, की केसापेक्षा बारीक असलेली तांब्याची तार तुटते. मग साध्या सेलच्या खर्चाऐवजी अख्खं मशीन बदलण्याची पाळी येते. सोलर घड्याळाचंही तसंच. त्याच्या आत चार्ज होणारा सेल असतो आणि त्याला उजेड लागतो; बंद डब्यात अनेक महिने राहिलं तर तो पार उतरतो, आणि मग उन्हात ठेवूनही कधी कधी धड चार्ज होत नाही. ऑटोमॅटिक घड्याळाला, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाला, सेल नसतो; ते हातावर नसलं की थांबतं, पण आतलं तेल मात्र न चालताही वर्षांगणिक सुकत जातं. चामड्याच्या पट्ट्याला एका पावसाळ्यात बुरशी धरते.

आता जास्त पैसे दिल्यावर मिळतं काय? वेळेचा अचूकपणा मिळत नाही, हे आधी मनात पक्कं करा. 25 डिसेंबर 1969 रोजी सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ (सेलवर आणि स्फटिकाच्या कंपनावर चालणारं) मनगटी घड्याळ जपानमध्ये विक्रीला आणलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. त्या पैशात तिथे एक लहान मोटार येत असे. आज क्वार्ट्झचा अचूकपणा दीड हजारांच्या घड्याळातही मिळतो. आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो. याउलट स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र, म्हणजे अचूकपणाच्या चाचणीचं प्रमाणपत्र, मिळालेल्या मेकॅनिकल (सेलवर नव्हे, स्प्रिंगवर चालणाऱ्या) मशीनलाही दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे इतकी सूट असते. अनेक परवडणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांत जे सेइकोचं एनएच35 मशीन असतं, त्याची कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे अशी आहे. भेट देतानाच हे सांगा. नाहीतर पंधरा दिवसांत फोन येतो, "एवढं महाग घेतलंत, आणि पुढे पळतंय."

पैसा जातो तो काच, केस (मशीनभोवतीची धातूची पेटी), चेन, मशीनची कारागिरी आणि नाव यांत. पहिल्या तीन गोष्टी रोज डोळ्यांना आणि हाताला जाणवतात, म्हणून तिथे खर्च करा. काच सफायरची घ्या. मोह्‌सच्या मापावर सफायरचा कठीणपणा 9, वाळूच्या कणाचा 7, आणि साध्या मिनरल काचेचा त्याहून कमी. म्हणून नुसत्या धुळीच्या हाताने पुसली तरी साध्या काचेवर ओरखडे उठतात. सफायरवर उठत नाहीत. जोरात आपटली तर मात्र तीही तडकते. केस 316एल स्टीलची असू द्या. सोनेरी मुलामा घामाच्या हातावर आधी चेनच्या कडांवरून उडतो, आणि मुंबई-कोकणच्या हवेत लवकर उडतो. चेनचा खटका उघडमीट करून बघा. पत्रा वाकवून केलेला आणि सबंध स्टीलमधून कोरलेला यांतला फरक बोटांना लगेच कळतो. कपड्यांच्या किंवा पर्सच्या कंपनीचं नाव डायलवर असलं, तर आत बहुधा साधं क्वार्ट्झ मशीनच असतं. तिथे नावाचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑटोमॅटिक द्यायचं ठरलं, तर घड्याळ काढून ठेवल्यावर किती तास चालतं ते विचारा. एनएच35 पूर्ण भरलेलं असताना 41 तास चालतं. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलं, तर रविवारी दुपारी एकच्या सुमारास थांबतं. टिसो या स्विस कंपनीच्या पॉवरमॅटिक 80 मशीनला 80 तास मिळतात, म्हणजे सोमवारी सकाळी ते चालूच सापडतं. हा फरक ऐषआरामाचा वाटतो, पण दुरुस्तीला येणारा एक नेहमीचा बिघाड यातूनच जन्मतो.

सोमवारी सकाळी घाई असते. घड्याळ थांबलेलं, काटे दहावर. ते सकाळचे दहा की रात्रीचे, हे डायलवर दिसत नाही. माणूस चावी पहिल्या खाचेत ओढतो आणि तारीख फिरवतो. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेच्या चाकाचा दात तारखेच्या कड्यात अडकलेला असतो. त्याच वेळी बाहेरून जोर आला की तो बारीक दात वाकतो किंवा तुटतो. मग तारीख दुपारी बारालाच बदलते, नाहीतर अर्ध्यावर लटकते. हे टाळायचं, तर चावी पूर्ण बाहेर ओढा आणि तारीख पालटेपर्यंत काटे पुढे फिरवा; पालटली म्हणजे मध्यरात्र झाली. तसेच पुढे सहावर आणा. चावी एक खाच आत घेऊन तारीख कालची लावा. पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत आजच्या तारखेवर आणि वेळेवर या. या चार ओळी चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. शुभेच्छापत्रापेक्षा ती जास्त वेळा वाचली जाईल.

अजून एक सांगायचं: घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं, तर ते बिघडलंच असं समजू नका. टॅब्लेटच्या कव्हरमधल्या किंवा स्पीकरमधल्या चुंबकामुळे आतल्या हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. कारागीर चुंबकत्व काढायच्या यंत्रावर मिनिटभरात ते काढतो.

पाण्याबद्दल फार गैरसमज आहेत. पाठीवर 30 मीटर लिहिलं म्हणजे हात धुताना उडालेले थेंब चालतील, एवढंच. पोहायला 100 मीटरवालं द्या. पाणी अडवते ती चावीतली आणि पाठीची रबरी रिंग, आणि ती घामाने, वयाने कडक होते. गरम पाण्याच्या आंघोळीत घड्याळ काढून ठेवायला सांगा, वाफ पाण्यापेक्षा सहज आत शिरते. काचेखाली धुकं दिसलं, तर तांदळाच्या डब्यात पुरून वाट बघू नका. त्याच दिवशी उघडून घ्या, कारण चावीची स्टीलची दांडी लवकर गंजते.

माप चोरून घ्यायचं असेल, तर त्यांचं जुनं घड्याळ नेहमीच्या भोकावर बंद करा आणि आतल्या बाजूने दोरा फिरवून मोजा. 16 सेंटिमीटरच्या मनगटाला 36 ते 38 मिलिमीटरची केस शोभते, 17-18 ला 38 ते 41. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्टा जिथे जोडतो ती वरची-खालची टोकं मनगटाच्या बाहेर लोंबता कामा नयेत. चेन दुकानातच कापून घेऊ नका. भेट दिल्यावर त्यांना सोबत न्या, आणि काढलेल्या कड्या डब्यात परत ठेवा. पाच वर्षांनी वजन वाढलं, की त्याच कड्या शोधत लोक वणवण करतात आणि मॉडेल बंद झालेलं असतं.

बिलावर घड्याळाचा सिरियल नंबर हवा, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे लग्नाच्या सहा महिने आधी घेऊन ठेवण्यात तोटाच आहे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत दुकान आहे का, ते आधी पाहा. आणि पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच: "याच्या पूर्ण सर्व्हिसिंगचा आजचा दर काय, आणि काम कुठे होतं?" मेकॅनिकल घड्याळाला साधारण चार-पाच वर्षांनी ते लागतं, क्रोनोग्राफला, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाला, जास्त खर्च येतो. तो आकडा ऐकून, ज्याला भेट द्यायची त्याला तो जड जाईल असं वाटलं, तर त्याच दुकानातलं चांगलं क्वार्ट्झ किंवा सोलर घ्या. त्यात कमीपणा नाही.

घरात वडिलांचं किंवा आजोबांचं जुनं एचएमटी पडून असेल, तर मी आधी तेच काढायला सांगेन. सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या त्या कारखान्याचं 'जनता' हे मॉडेल 17 ज्वेल्सचं (चाकांच्या टोकांखाली झीज टाळायला बसवलेल्या खड्यांचं), रोज चावी द्यायचं साधं मशीन आहे. आजही कारागीर ते डोळे मिटून खोलतात. पूर्ण उकलून धुऊन घ्या, मेनस्प्रिंग तपासा, नवं तेल द्या, अ‍ॅक्रिलिक काच नवी बसवा. डायल मात्र रंगवून चकचकीत करू देऊ नका. पिवळसर झालेली असली, तरी तीच खरी आहे. नवा चामड्याचा पट्टा लावा आणि हातात देताना दाखवा: चावी रोज सकाळी एकाच वेळी, हातातून उतरवून द्यायची, म्हणजे दांडीवर तिरका जोर येत नाही. पंचवीस-तीस वेढ्यांनी बोटाला ताण लागतो. लागला की थांबायचं.