कार्डलॉकचं डिझेल, फोर्ट नेल्सनची चूक आणि चाळीस लिटरचा धडा

कॅनडातलं एडमंटन ते उत्तरेला युकॉनमधलं व्हाइटहॉर्स. डिझेल पिकअप, मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये भाच्याचा संसार. त्याला व्हाइटहॉर्सला नोकरी लागली आणि मूव्हर्सचा आकडा ऐकून मी म्हणालो, "थांब, मीच येतो." जून महिना, चार दिवस, दोन हजार किलोमीटर. निसर्गाची वर्णनं इतरांनी पुष्कळ केली आहेत. मी फक्त डिझेलबद्दल लिहिणार आहे, कारण त्यातच मी तोंडावर आपटलो.

निघण्याआधी ट्रक चालवणाऱ्या एका मित्राने सांगितलं होतं, "तुझ्या धंद्याच्या नावावर कार्डलॉकचं कार्ड काढ. लिटरमागे पंधरा सेंट सहज सुटतात." माझं छोटं दुरुस्तीचं काम आहे, कार्ड लगेच मिळालं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने सारखीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कार्डलॉक म्हणजे ट्रकवाल्यांचा बिनमाणसाचा पंप. कार्ड घालायचं, पिन टाकायचा, कधी ओडोमीटरचा आकडा टाकायचा, पंप नंबर निवडायचा. दुकान नाही, चहा नाही, बहुतेक ठिकाणी संडासही नाही. बिल नंतर येतं. आणि मला कोणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे, मी जिथे जिथे भरलं तिथे पंपाच्या काट्यावर फक्त लिटर दिसले, डॉलर नाहीत. भाव काय लागला ते दोन आठवड्यांनी बिलावर कळलं. तोपर्यंत आपण स्वस्तात भरतोय याच आनंदात गाडी हाकत होतो.

दुसरी गंमत जीएसटीची. रस्त्यावरच्या साध्या पंपाच्या फलकावरचा भाव सगळे कर धरून असतो. माझ्या कार्डलॉकची भावयादी मात्र जीएसटी सोडून, आणि त्यावर ५ टक्के चढतात. ट्रक कंपनीला फरक पडत नाही, ती जीएसटी परत मागते. मी भाच्याचे सोफे वाहत होतो. तो धंद्याचा खर्च नाही, त्यामुळे परत काही मागता येत नाही. मित्राचे पंधरा सेंट इथेच अर्धे गळाले.

उरलेले कुठे गळाले ते माझ्या पावत्या सांगतात. एडमंटनला कार्डलॉक लिटरला १.३८९ डॉलर, जीएसटीसह १.४५८, समोरच्या पंपावर १.४९९. चार सेंट वाचले. पण किराणा दुकानाचं पॉइंट कार्ड असेल तर साध्या पंपावरही तीन-चार सेंट सुटतात, म्हणजे शून्य. वाटेतल्या डॉसन क्रीकला साधा पंप १.६१९, कार्डलॉक सगळं धरून १.५७३. इथे खरंच फायदा झाला. वॉटसन लेकला दीड सेंटही नाही. आणि व्हाइटहॉर्सला साधा पंप १.७९९, तर माझ्या बिलावर जीएसटी धरून १.८२९. तीन सेंट जास्त! मी मुद्दाम वळसा घालून, ट्रेलरसकट त्या औद्योगिक भागात शिरून, महाग डिझेल भरून आलो.

असं का होतं? फेडरल, म्हणजे केंद्राचा, अबकारी कर दोन्हीकडे तोच, एरवी डिझेलला लिटरमागे ४ सेंट. प्रांताचा किंवा टेरिटरीचा इंधनकरही तोच. युकॉनमध्ये डिझेलवर ७.२ सेंट. करात सूट नाहीच, म्हणजे स्वस्ताई येणार ती विकणाऱ्याच्या नफ्यातून. माझ्या कार्डाचा भाव टर्मिनलवरच्या, म्हणजे टँकर भरतात त्या डेपोवरच्या, घाऊक दराला बांधलेला, तो रोज हलतो. गावातल्या साध्या पंपाचा फलक मात्र शेजारच्या पंपाकडे बघून बदलतो, कधी कधी चार-चार दिवस तसाच राहतो. घाऊक दर चढत असेल तर कार्डवाला आधी मार खातो. त्या आठवड्यात दर चढत होता. शिवाय सवलतीचा आकडा महिन्याला किती हजार लिटर उचलता त्यावर ठरतो. माझा मित्र ज्या कंपनीत आहे ती टँकरच्या हिशोबात डिझेल जाळते. मी आपला एक पिकअपवाला.

घाऊक म्हणजे स्वस्त, ही आपली पक्की समजूत. पण मार्च २०२२ मध्ये आपल्याकडे भारतात घाऊक डिझेल एका फटक्यात लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढलं होतं. मुंबईत घाऊक भाव १२२ रुपये आणि साध्या पंपावर ९४. मोठे गिऱ्हाईक साध्या पंपावर रांगा लावायला लागले होते. ते मला आठवायला हवं होतं. आठवलं ते वॉटसन लेकनंतर.

आता फोर्ट नेल्सन. डॉसन क्रीकला सकाळी १०६ लिटर भरलं. संध्याकाळी ४५५ किलोमीटरवर फोर्ट नेल्सनला पोहोचलो, टाकीत २६ लिटर. कार्डलॉकवर गाडी लावली, ४४ लिटर भरलं आणि पंप बंद. पुन्हा कार्ड घातलं, नकार. भाचा म्हणाला, "मामा, पिन चुकतोय का?" पिन चुकत नव्हता. कार्डाला दिवसाची मर्यादा होती, १५० लिटर. १०६ आणि ४४, बरोबर दीडशे. कार्ड देताना हे कागदावर होतं, मी वाचलं नव्हतं. सकाळी साडेपाचला पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नकार, कारण माझ्या कार्डाचा 'दिवस' म्हणजे चोवीस तास, तारीख बदलली म्हणून काही होत नाही.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? शंभर पावलांवरच्या साध्या पंपावर १.८२९ ने टाकी भरली असती. कार्डलॉकचा भाव जीएसटीसह १.७९८ होता. फरक तीन सेंटांचा. पण तोपर्यंत माझ्या डोक्यात कार्डाचा मान शिरला होता. हिशोब केला: टाकीत ७० लिटर, ट्रेलरमध्ये घरून आणलेले दोन कॅन, चाळीस लिटर. एकशे दहा. आजवर शंभर किलोमीटरला वीस लिटर लागत होते. म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. वॉटसन लेक सव्वापाचशे. पोहोचतो की!

कागदावर पोहोचतो. पण फोर्ट नेल्सनच्या पुढे स्टीमबोटचा चढ आहे, मग समिट पास, अलास्का हायवेचा सगळ्यात उंच माथा, १२९५ मीटर. समोरून वारा. ट्रेलरमध्ये सोफे, पुस्तकं आणि भाच्याचे डंबेल्स. शंभराला पंचवीस लिटर जळायला लागले. मंचो लेकच्या काठावर, म्हणे जगात सुंदर आहे, मी मान खाली घालून कॅन ओतत होतो. पुढे रस्त्यात बायसनचा कळप उभा, तो हटेपर्यंत इंजिन चालू. लिआर्डच्या आसपास गणित संपलं. बत्तीस लिटर उरले होते आणि दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त रस्ता.

मधल्या एका लॉजवर भाव २.५९९. चाळीस लिटर भरलं. पहिला शब्द तोंडातून 'लूट' हाच निघाला. मग मागे जनरेटरची घरघर ऐकू आली. तिथे तारेने वीज येत नाही, दिवेही डिझेलवर आणि ते डिझेलही टँकरने शेकडो किलोमीटरवरून येतं. लूट नाही, भाव आहे. माझाच मूर्खपणा होता.

सगळ्या प्रवासात कार्डाने साधारण नऊ डॉलर वाचवले. या एका थांब्यावर फोर्ट नेल्सनच्या साध्या पंपाच्या तुलनेत एकतीस डॉलर जास्त गेले.

मागून येणाऱ्यांनी हे करा. फोर्ट नेल्सनला कुठल्याही पंपावर, कुठल्याही भावाने, टाकी गळ्यापर्यंत भरा. ट्रेलर असेल तर शंभराला पंचवीस लिटर धरा, वीस नाही. कार्डाची रोजची मर्यादा निघण्याआधी फोन करून वाढवून घ्या, आणि ती तारखेवर मोजतात की चोवीस तासांवर ते विचारा. कार्डलॉकचा भाव कोणी सांगितला की पहिला प्रश्न: जीएसटी धरून का? आणि त्या दिवशीचा की गेल्या आठवड्याचा?

नोझल बघून हातात घ्या. मोठ्या ट्रकचा जाड नोझल पिकअपच्या तोंडात बसत नाही, आणि जिथे बसतो तिथे इतक्या जोरात येतं की फेस उडून बुटावर. डॉसन क्रीकला माझे नवे बूट गेले, अजून वास येतो. आणि काही ठिकाणी बाजूलाच रंगवलेल्या डिझेलचा पंप असतो, अल्बर्टात ते जांभळं. ते शेतीच्या आणि रस्त्यावर न येणाऱ्या यंत्रांसाठी, कर कमी म्हणून स्वस्त. रस्त्यावरच्या गाडीत भरलंत तर टाकीतून नमुना काढून दंड करतात. भाच्याने "मामा, हे बघा, स्वस्तय" म्हणून तोच पंप दाखवला होता.

कार्डलॉकचा एक फायदा मात्र निखळ आहे. डीईएफ, म्हणजे डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते युरियाचं पाणी. पंपावरून लिटरने मिळतं, दुकानातल्या डब्याच्या मानाने फारच स्वस्त, आणि हातावर सांडत नाही. पहाटे चारला गाव झोपलेलं असताना टाकी भरता येते, तेही खरं. महिन्याला हजारो लिटर जाळणाऱ्याने कार्ड घ्यावं. वर्षातून एकदा उत्तरेला जाणाऱ्याने पॉइंट कार्ड बाळगावं आणि झोपावं.

वॉटसन लेक ते व्हाइटहॉर्स साडेचारशे किलोमीटर, रस्ता चांगला, काही झालं नाही. परतीला फोर्ट नेल्सनला साध्याच पंपावर भरलं, आत कॉफी होती आणि संडासही.