तुम्ही विचारलंत म्हणून: त्या 10 टक्क्यांचं

"सर, विरोधी पक्षनेत्याला 10 टक्के जागा लागतात हे कायद्यात आहे की नाही, फक्त हो किंवा नाही सांगा." स्पर्धा परीक्षांना राज्यशास्त्र शिकवतो म्हणून दर बॅचला हे येतंच, आणि एका शब्दात सांगता येत नाही म्हटलं की लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाहीये हो.

2014 ला लोकसभेत काँग्रेसचे 44 आले, विरोधी पक्षनेतेपद मिळालं नाही, तेव्हा मीच फळ्यावर ठासून लिहायचो, 1977 चा विरोधी पक्षनेत्यांच्या पगार-भत्त्यांचा कायदा, 543 चे 10 टक्के, म्हणजे 55. त्या टेस्टमध्ये एका मुलीने लिहिलं, कायद्यात टक्केवारी नाहीच. मी शून्य दिला. ती पेपर घेऊन टेबलापाशी आली, सोबत कायद्याची प्रिंट, कलम 2 खाली पेन्सिलची रेघ. मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, सगळ्यांसमोर म्हणालो, आधी गाईड नीट वाच. ती काही बोलली नाही, प्रिंट तिथेच ठेवून जागेवर गेली. रात्री वाचलं. विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा सभागृहातला नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिलीय तो. टक्का कुठेच नाही. मार्क वाढवले, पण ती पुन्हा क्लासला आलीच नाही.

आता माझीही बाजू ऐका. 10 टक्के मी मनाने काढले नव्हते, मावळणकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते तेव्हापासूनची ती प्रथा, कोरमएवढे (सभागृह चालायला लागणारे किमान, म्हणजे एक दशांश) सदस्य असतील तरच पक्ष म्हणून मान्यता. आणि 55 हा आकडा 1998 च्या कायद्यात चक्क छापलेला आहे, फक्त तो पक्षांचे नेते आणि मुख्य प्रतोद यांच्या सोयीसुविधांसाठी, या पदासाठी नाही. ही गल्लत मी वर्षानुवर्षं शिकवली.

बसण्याचंही विचारता. अध्यक्षांच्या उजवीकडे सत्ताधारी, डावीकडे विरोधक, आणि पुढच्या रांगेतल्या जागा पक्षाच्या संख्येच्या प्रमाणात. म्हणून पद नसतानाही तेव्हाचे काँग्रेसचे लोकसभेतले नेते खरगे पहिल्या रांगेत बसायचे. जागा हिशोबाने मिळते, पद मान्यतेने, आणि मला विचाराल तर 44 वाल्यांनाही ते मिळायला हवं होतं. पण मान्यतेचा अधिकार कायद्यानेच अध्यक्षांना दिलाय, मग निर्णय बेकायदेशीर होता असं कुठल्या तोंडाने म्हणू?

2024 ला लोकसभेत काँग्रेस 99 वर गेली, वाटलं विषय संपला, तर महाराष्ट्र विधानसभेत 288 पैकी विरोधातल्या मोठ्या पक्षाचे 20 च, पुन्हा तेच सुरू. हल्ली मी आधी कलम वाचायला देतो. परवा एकाने वाचून विचारलं, "सर, अध्यक्षांनी मान्यता द्यायला किती दिवस घ्यायचे ते कुठे लिहिलंय?" कलमात ते लिहिलेलंच नाही.